पत्र्याची पेटी आणि विमलचा पाय

"मामा, पेटी घेऊ का पिशवी?" असं विचारत गिऱ्हाईक दुकानात आलं की मी उलट विचारतो, "जाणार कुठं?" नागपूरला, हैदराबादला, डांबरी सडकेनं जाणार असाल तर खुशाल पेटी घ्या. कुलूप लागतं, पाणी आत जात नाही, वाटेत कुठं थांबलात तर तिच्यावर बसून भाकर खाता येते. पण डांबर संपतं तिथून पुढं, दगडाच्या घाटातून, रेतीतून, वागू ओलांडून जायचं असेल, तर मग माझ्याशी भांडायची तयारी ठेवून बसा. वागू म्हणजे ओढा. आमच्याकडे मराठी माणूसही ओढ्याला वागूच म्हणतो.

आदिलाबादला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं सीट कव्हर अन् ताडपत्रीचं दुकान आहे. माझे वडील कापसाच्या गाड्यांवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायचे. मी मोटरसायकलींची सीट कव्हरं शिवायला लागलो आणि त्यातून पिशव्यांकडे आलो. आता मशीन मुलगा चालवतो. मी बाजूला खुर्चीवर बसतो आणि आलेल्या माणसावर चिडतो. माझी बायको शकुंतला म्हणते, "तुमी दुकानात बसता का गिऱ्हाईक हाकलाले?" तिचं खोटं नाही. पण ज्या गोष्टीवर चिडायला पाहिजे तिच्यावर कोणीच चिडत नसेल, तर एकट्याला जास्त चिडावं लागतं.

आधी धंदा थोडा समजून घ्या. जुन्या काळी बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य न्यायचे. पाठीच्या मधोमध गोणी, दोन्ही बाजूला सारखं लोंबणारं वजन. बैलाच्या शेपटीला कोणी ओझं बांधलं नाही. मोटरसायकलवाले मात्र सगळं मागं, पार शेवटच्या दिव्याच्याही मागं बांधतात, आणि घाट चढताना पुढचं चाक हलकं झालं, हँडल ऐकत नाही म्हणून गाडीला शिव्या देतात. वजन खाली पाहिजे, चालवणाऱ्याच्या जवळ पाहिजे, दोन्हीकडं सारखं पाहिजे. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी आखूड कापायची आणि मध्ये पत्रा लावायचा, नाहीतर पिशवी जळते. पट्ट्याचं उरलेलं टोक आत खोचायचं, नाहीतर ते चेनमध्ये जातं आणि मागचं चाक जागेवर धरतं. चेन-झिप लावायची नाही. आमची काळी धूळ दातांत बसली की ती झिप उघडत नाही अन् मिटतही नाही. पिशवीचं तोंड गुंडाळायचं आणि वरून बक्कल लावायचं. बस्स, एवढंच शास्त्र. पण एवढ्यासाठी मी आयुष्यभर लोकांशी भांडलो.

एकदा हैदराबादकडची मंडळी आली होती, धबधबे पाहायला निघालेली. भल्यामोठ्या गाड्या. त्यातल्या एकाच्या गाडीला दोन्ही बाजूला ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि मागं तिसरी. घाटातल्या दगडांनी पेटीची चौकट वेल्डिंगपाशी तुटली होती. मी ताडपत्री अंथरली आणि त्याला म्हटलं, सगळं सामान यावर काढ. घडीची खुर्ची निघाली. कॉफी दळायचं यंत्र निघालं. ओढून लांब करायची काठी, त्यावर लावायचा दिवा, हवेची उशी. रेनकोट मात्र नव्हता.

"ये सब किसलिए?" मी विचारलं.

तो म्हणाला, "अंकल, जगह थी तो रख लिया."

पेटीचा हाच तर दुर्गुण. रिकामी पेटी माणसाला पाहावत नाही. पोरगा तसा गुणी होता. त्यानं निम्मं सामान बसच्या पार्सलनं घरी पाठवलं आणि माझ्याकडून दोन पिशव्या बांधून घेतल्या. परतताना पेढे देऊन गेला.

दुसरा आमचा तलमडुगुकडचा कासार. गुड्यागुड्यांतून मोटरसायकलवर बांगड्या विकतो. गुडा म्हणजे रानातली दहा-पंधरा घरांची वस्ती. आधी तो लाकडी पेटीतून बांगड्या न्यायचा आणि दर फेरीला काचेचा चुरा घरी आणायचा. मी त्याला लोंबती पिशवी शिवून दिली, आत त्याच्या बायकोनं जुन्या लुगड्यांची गादी घातली. पिशवी गाडीसोबत हलते, आदळत नाही. बांगड्या वाचल्या. तरी हा माणूस महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता, कारण त्याला पिशवी लाल पाहिजे होती आणि मी ट्रकच्या ताडपत्रीची निळी शिवली होती. "निळ्या पिशवीतून कोनी बांगडी घेते काय?" असं त्याचं म्हणणं. बायांना त्यानं विचारलं असतं तर कळलं असतं. शेवटी मी वरून लाल झालर लावून दिली.

हे झाले हसण्यासारखे किस्से. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

तामसीकडच्या एका गावात विमल राहते. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. भावानं दिलेली जुनी मोटरसायकल तिनं शेतात शिकून घेतली, आणि शेळ्या-कोंबड्यांना लस टोचायचं शिक्षण एका संस्थेकडून घेतलं. अशा आठ-दहा बाया होत्या. कोंबड्यांना मानमोडी येते तेव्हा एका आठवड्यात अख्ख्या गुड्याची खुराडी रिकामी होतात. ज्या घरात दुसरं काही नाही, तिथं कोंबडी म्हणजे पाहुण्याचं जेवण, पोराचं औषध, बाजारचा दिवस. ही लस बर्फात न्यावी लागते, आणि ऊन चढायच्या आत पोचवावी लागते. जिथं बस नाही, जीप नाही, तिथं विमल जायची.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं नवऱ्यासाठी सीट कव्हर घ्यायला आली असेल. मी तसं विचारलंही.

"नवरा सायकलीनं जाते, मामा," ती म्हणाली. "गाडी माही हाय."

मग तिनं मला कामाला लावलं. बर्फाचा डबा उभाच राहिला पाहिजे, आडवा व्हायला नको. बक्कल एका हातानं उघडलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातात कोंबडी असते. सायलेन्सर उजवीकडं, म्हणून डबा डावीकडं. बर्फाचं पाणी खाली गळायला भोक पाहिजे, पण त्या भोकातून धूळ आत यायला नको. मी म्हटलं, असं भोक देवानंही केलं नाही. ती म्हणाली, "मंग तुमी करा." मी जुन्या ट्यूबचा तुकडा आतून जीभ बसवावी तसा बसवला. पाणी बाहेर जाई, धूळ आत येत नसे. तेव्हापासून मी सगळ्याच पिशव्यांना तशी जीभ लावतो, आणि विचारलं तर सांगतो की ही अक्कल माझी नाही, विमलची.

तिचं पाहून बाकीच्या बायाही आल्या. सगळ्यांच्या गाड्यांवर माझ्या निळ्या पडश्या, दोन्हीकडं लोंबणाऱ्या. दोन हंगाम काम बिनबोभाट चाललं.

मग संस्थेच्या आदिलाबादच्या केंद्रावर नवीन पेट्या आल्या. पत्र्याच्या, चौकोनी, पांढऱ्या रंगाच्या, कडेला पट्टी ठोकलेल्या. आणि तिन्ही बाजूंनी मोठमोठ्या अक्षरांत संस्थेचं नाव, खाली देणाऱ्यांचं नाव, त्याखाली हसणारी कोंबडी.

विमल डाव्या अंगाला पेटी लावलेली गाडी घेऊन दुकानात आली. तिनं माझी पिशवी घडी करून पोटाशी धरली होती.

"मामा, हे ठेवून घ्या तुमच्यापाशी. सार म्हन्ते पेटी लावली नाई तर फ्रिजमधून लस भेटणार नाई."

मी पेटीवरून हात फिरवला. खालची कड माझ्या अंगठ्याला लागली. मी तसाच उठलो आणि केंद्रावर गेलो. तिथला सुपरवायझर म्हणजे करीमनगरकडचा तरुण माणूस, बायांचा 'सार'. बोलायला गोड. मी त्याला हिंदीत, तेलुगूत, जसं जमेल तसं सांगितलं. रेतीत, पाण्यात, दगडात गाडी हळू चालते, डगमगते. तेव्हा पाय खाली टेकवावा लागतो. टेकवायचा नाही म्हटलं तरी टेकतो. पाय जागेवर रुततो आणि गाडी पुढं सरकते. मागून जे काही टांगलं असेल ते पोटरीवर येतं. पिशवी असली तर ती दबते, पाय निघतो. पत्रा दबत नाही. तो पाय दाबतो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाला, "काका, आपकी बात सही होगी. लेकिन पिशवी पर नाम नहीं दिखता. फोटो में पेटी अच्छी आती है. पैसा देने वालों को फोटो चाहिए."

"और पैर?"

"सबको बोला है, संभाल के चलाओ."

मी चहा न पिता उठून आलो. घरी येऊन शकुंतलेवर ओरडलो. तिचा काय दोष होता? पण समोर तीच होती.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. वागूंना अजून गुडघ्याएवढं पाणी होतं. विमल सकाळी लस घेऊन निघाली. ज्या गुड्याला जायचं होतं तिथली भीमबाई नावाची म्हातारी शेळ्या घेऊन वागूच्या पलीकडं बसली होती. पुढचं तिनंच मला सांगितलं. विमल पाण्याच्या काठाशी थांबली, उतरली, पाण्यात चालत जाऊन तिनं तळ पाहिला, परत आली, गाडीवर बसली. पहिल्या गियरमध्ये हळूहळू निघाली. मधोमध आली तेव्हा पुढच्या चाकाखालचा दगड सरकला. गाडी डावीकडं झुकली. विमलनं डावा पाय टेकवला. पाय दोन दगडांच्या मधात गेला. गाडी पुढं गेली.

भीमबाई म्हणाली, "पोरगी वरडली नाई. मी वरडली."

म्हातारीनं पाण्यात उतरून गाडी ढकलायचा प्रयत्न केला. ती हलेना. पेटीची कड पोटरीत बसली होती आणि गाडीचं सगळं वजन तिच्यावर होतं. गुड्यातली माणसं धावत आली, त्यांनी गाडी उचलली. खाटेवर टाकून विमलला सडकेपर्यंत आणलं, तिथून ऑटोनं आदिलाबादला. खाटेवरून ती सारखी एकच सांगत होती: डबा पाण्यातून काढा, झाकण उघडू नका, लस सावलीत ठेवा.

पायाची दोन्ही हाडं मोडली होती, आणि पोटरीचं मांस कडेनं कापलं गेलं होतं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तिचा नवरा दाराशी उकिडवा बसला होता. मला पाहून म्हणाला, "मामा, तुमी सांगलं होतं ना त्याईले?" सांगितलं होतं. सांगून काय झालं?

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आला. फळं घेऊन आला होता, चेहरा पडलेला होता, हे मी नाकारत नाही. विमलच्या उशाशी बसून त्यानं तब्येत विचारली. मग विचारलं, "अम्मा, पाय कशाला खाली टेकवला?"

त्याला एवढं मराठी यायला लागलं होतं, आणि ते या प्रश्नासाठी वापरलं.

मी खोलीतून बाहेर आलो, कारण आत राहिलो असतो तर माझा हात उठला असता.

पंधरवड्यानं संस्थेनं सगळ्या बायांना केंद्रावर बोलावलं. हैदराबादहून एक बाई आल्या होत्या. विषय होता, 'सुरक्षित प्रवास'. विमलच्या जागी तिची जाऊ आली होती, तिच्यासोबत मीही गेलो. अंगणात गाड्या ओळीनं उभ्या, पांढऱ्या पेट्या उन्हात चमकत होत्या. बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली. हेल्मेट घाला, बरोबर. चाकातली हवा पाहा, बरोबर. आणि मग जे चित्र आलं त्यात एका बाईचा पाय जमिनीवर, त्यावर लाल फुली. पाण्यातून जाताना पाय खाली टेकवू नये.

मागून तामसीच्या रेखानं बाजूला उभ्या सुपरवायझरला विचारलं, "मंग काय टेकवायचं, सार?"

कोणी हसलं नाही.

रेखा उठली. ती विमलची मैत्रीण, दोघी एकत्र शिकलेल्या. अंगणात जाऊन तिनं आपल्या गाडीच्या सीटखालचा पाना काढला आणि पेटीचा नट फिरवायला लागली. नट गंजला होता, फिरेना. मी सायकलवाल्याकडून मोठा पाना आणि रॉकेल आणून दिलं. तोवर दुसरी उठली, तिसरी उठली. सुपरवायझर धावत बाहेर आला.

"अरे अम्मा, ऐसा मत करो! ये संस्था का सामान है."

"हो ना, सार. तुमचं तुमाले देऊन राह्यलो," रेखा म्हणाली.

पेट्या निघत गेल्या तशा बायांनी त्या फाटकाच्या बाजूला एकावर एक रचल्या. एकीनं उलटी ठेवली, तर रेखानं तिला थांबवलं. "अशी नोको ठेवू व. नाव सडकेकडं कर. नाव दिसलं पायजे त्याईले." मग सगळ्यांनी मिळून पेट्या फिरवून नीट लावल्या. पांढऱ्या पत्र्याची भिंतच उभी राहिली. सडकेवरून जाणारे लोक थांबून वाचत होते. हैदराबादच्या बाई खिडकीतून पाहत होत्या. त्यांच्या हातात फोन होता, पण त्या दिवशी फोटो कोणी काढला नाही.

यानंतर संस्था सुधारली, पिशव्या आल्या, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. संस्थेनं आमच्या भागातलं काम बंद केलं. 'लाभार्थ्यांचं सहकार्य मिळत नाही' असं कारण दिलं म्हणे. फ्रिज उचलून नेला. त्या थंडीत मानमोडी आली आणि तीन-चार गुड्यांत सकाळी कोंबडा आरवायचा बंद झाला. बायांनी पेट्या काढल्या म्हणून कोंबड्या मेल्या, असं म्हणणारे शहाणेही भेटले. त्यांच्याशी मी भांडलो. पाय मोडून घेऊन लस पोचवायची, नाहीतर पाप तुमच्या माथी, हा कुठला न्याय?

सुपरवायझर जाण्याआधी दुकानात आला. एकटाच. म्हणाला, "काका, मैंने ऊपर बताया था. वो बोले, पेटियाँ सब जिलों के लिए बन चुकी हैं." मी त्याला बसायला खुर्ची दिली, चहाही दिला. माणूस वाईट नव्हता. पण माफ मी त्याला आजही केलेलं नाही, आणि करायचं असेल तर ते विमलनं करायचं, मी कोण?

विमल बरी व्हायला वर्ष गेलं. डावा घोटा आता वळत नाही. या उन्हाळ्यात ती काठी टेकत दुकानात आली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांच्या फ्रिजमध्ये बायांच्या लसीला जागा दिली होती. रेखा आणि बाकीच्या कधीच्या लागल्या होत्या कामाला.

"मामा, पिशवी काढा माही."

मी म्हटलं, "आधी हे सांग, गाडी चालवशील कशी?"

तिनं मिस्त्रीकडून गियरचा दांडा बदलून घेतला होता, आता टाचेनं गियर पडत होता. पण थांबताना तिला डाव्या पायावर भार घेता येत नव्हता. टेकवायचा तर उजवाच. म्हणजे गाडी नेहमी उजवीकडं झुकायला पाहिजे, डावीकडं गेली की ती पडणार. मी आयुष्यभर लोकांना ओरडून सांगत आलो, दोन्ही बाजूला वजन सारखं ठेवा. तो नियम तिच्यासाठी चालणार नव्हता.

जुनी पिशवी मी उसवली. मुलगा म्हणाला नवीन शिवू, पण तिला तीच पाहिजे होती. डावीकडची बाजू लहान केली, त्यात फक्त कापूस, सुया आणि रेनकोट. उजवीकडची मोठी केली, खाली पाने, पाण्याची बाटली, औषधं, आणि सायलेन्सरपासून वाचवायला दुहेरी पत्रा. बर्फाचा डबा तिच्या पाठीमागं सीटवर बसवला, बाजूनं खोळ शिवून घट्ट बांधला. गल्लीत गाडी उभी केली तर पिशवी सरळसरळ तिरपी दिसत होती. बाजूचा टायरवाला म्हणाला, "काय मामा, नजर कमी झाली काय? वाकडी शिवली." मी त्याला इतकं बोललो की तो दोन दिवस इकडं फिरकला नाही.

विमलनं गल्लीत फेरी मारली. नालीपाशी थांबली, उजवा पाय टेकवला, निघाली. फिरून आली, पुन्हा थांबली. गाडी तिच्या उजव्या पायावर येऊन अलगद टेकत होती. तिनं पट्टा एक घर आवळून घेतला, बक्कल एका हातानं उघडून पाहिलं, मिटलं.

शकुंतला घरातून आली होती. तिनं विमलच्या हातावर दही-साखर ठेवली. इतका बोलणारा माणूस मी! पण शेवटी सगळे म्हणतात तेच तोंडातून निघालं.

"जपून जाजो, बाई."

तिनं हेल्मेटचा पट्टा लावला, किक मारली आणि माझ्याकडं पाहिलं.

"मामा," ती म्हणाली, "त्या दिवशी बी जपूनच गेली होती मी."